मंगळवारचं दूध

आठ बाळांना पाजणं म्हणजे काय असतं, ते एकाला पाजून मेटाकुटीला आलेल्या बाईला विचारा. मावशीला विचारलंत तर ती म्हणायची, आठ काही फार नाहीत, फक्त आठही जणांनी एकदम भोकाड पसरू नये. आता ही बाळं माणसांची नव्हती, माकडांची होती, एवढाच काय तो फरक. हातपाय काडीसारखे, कान चेहऱ्याच्या मानाने मोठे, आणि एकदा का गळ्याला मिठी मारली की सोडवता सोडवता घाम फुटायचा.

संशोधन केंद्राच्या मागच्या इमारतीत, दोन दारं ओलांडून त्यांची खोली होती. पहिलं दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. मधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहून अंगात झगा, तोंडाला मुसकं, डोळ्यांवर चष्मा आणि हातात एकावर एक दोन मोजे चढवायचे, मगच आत. मावशी तिथे सहा वर्षं होती. सगळं केंद्र तिला मावशीच म्हणायचं, अगदी साठीला टेकलेले बंबकाकासुद्धा. बंबकाका म्हणजे तळमजल्यावर वाफेच्या मोठ्या यंत्रात बाटल्या आणि भांडी निर्जंतुक करणारे गृहस्थ. अंगानेही बंबच. त्यांनी मावशी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. मी तुमच्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहे, असं ती सुनवायची, आणि ते मान डोलवून म्हणायचे, बरं मावशी.

काम काय होतं ते सरळ सांगितलेलं बरं. माणसाला ज्या विषाणूने एड्स होतो, त्याचा एक चुलतभाऊ माकडांत असतो. आईला हा आजार असला की तिच्या दुधातून तो तान्ह्या बाळाला जाऊ शकतो. त्या बाळांना जन्मल्याबरोबर टोचता येईल अशी लस करायची होती, आणि माणसांच्या लेकरांना टोचण्याआधी ती लागू पडते का हे माकडांच्या लेकरांत बघायचं होतं. म्हणून आठ पिल्लं घेतली. चौघांना लस टोचली, चौघांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय टोचलं ते लिहिलेली चिठ्ठी संचालकांच्या कपाटात बंद. हा प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनाही माहीत नाही, मावशीलाही नाही. मग दर मंगळवारी आठही जणांना थोड्याशा दुधात थोडासा विषाणू पाजायचा आणि दर शुक्रवारी रक्त तपासायचं. ज्याच्या रक्तात विषाणू सापडेल त्याचं मंगळवारचं दूध बंद, पुढे फक्त त्याची काळजी घ्यायची.

ऐकायला जड जातंय ना? मग करणाऱ्याला कसं जात असेल. पण मावशीने हे काम मागून घेतलं होतं.

तिच्या स्वतःच्या रक्तात तो विषाणू होता. नवऱ्याकडून आलेला. नवरा गेला तेव्हा ती सहा महिन्यांची पोटुशी होती. लेक झाली, दीड महिन्यांची असताना रक्त तपासलं, आणि दवाखान्यातली परिचारिका हसत बाहेर आली होती. बाळ निरोगी आहे म्हणाली. मावशीने तिचे हात धरून कपाळाला लावले होते. मग वर्षाची झाल्यावर पुन्हा तपासलं, आणि त्या वेळी कोणी हसत बाहेर आलं नाही. या आजारावरच्या गोळ्या तेव्हा हाताला लागत नव्हत्या. पुढे मिळाल्या त्या मावशीला मिळाल्या, लेकीला नाही. एकोणीस महिन्यांची होऊन लेक गेली. पोटात होती तोवर चांगली होती, जन्मली तेव्हा चांगली होती, आणि मी पाजून पाजून मारली, हे वाक्य मावशी कधी कोणाला बोलून दाखवत नसे. पण एकवीस वर्षांत असा एक दिवस गेला नाही की ते तिच्या मनात आलं नाही.

आता ती रोज एक गोळी घ्यायची आणि तिच्या रक्तात विषाणू शोधून सापडत नसे. केंद्राच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना तेवढं ठाऊक होतं, त्यांनीच तिला कामाला लायक ठरवलं होतं. डॉक्टरबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना मावशी म्हणजे हाताला गुण असलेली, जरा तोंडाळ, पण कामाला वाघ बाई, एवढंच माहीत.

ही लस व्हावी असं मावशीला का वाटत होतं, हे आता वेगळं सांगायला नको. लेक परत येणार नव्हती. पण कुठेतरी कोणा बाईचं बाळ दूध पिऊनही निरोगी राहील, आणि त्यात आपला हात असेल, एवढ्यावर ती सहा वर्षं त्या दोन दारांतून आत-बाहेर करत होती.

मंगळवारी डॉक्टरबाई बर्फाची पेटी घेऊन यायच्या. पेटीत आठ छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर नंबर, प्रत्येकीत जेमतेम तीन चमचे दूध. डॉक्टरबाई पेटी ओट्यावर ठेवायच्या, सही करायच्या आणि काचेपलीकडे बसून नोंदी करायच्या. कागदावर लिहिलं होतं, बर्फातून काढल्यावर दहा मिनिटांत पाजावे. का, ते लिहिलं नव्हतं. मावशीला वाटलं, दूध नासू नये म्हणून. तीन चमचे दूध अर्ध्या तासात कसलं नासतंय. तो कागद ज्याने लिहिला त्याने उभ्या जन्मात कोणाला पाजलेलं नाही, हे तिचं मत होतं, आणि ते तिने डॉक्टरबाईंना ऐकवलंही होतं.

सात पिल्लं थंड दूध प्यायची. तोंडं वाकडी करत, पण प्यायची. सहा नंबरची नाही. ती मादी होती, सगळ्यांत लहान, आणि महामानी. थंड बाटली ओठाला लागली की ती मान फिरवायची, भिंतीकडे तोंड करून बसायची आणि तिरक्या डोळ्याने बघायची की आपली समजूत काढायला कोणी येतंय का. पिल्लांना नावं ठेवायची नाहीत असा नियम होता. मावशीने ठेवलं नव्हतं, ती फक्त तिला रुसूबाई म्हणायची.

दूध प्यायलं नाही तर नाकातून नळी घालून पोटात सोडायचं, असं ठरलेलं होतं. नळी मावशीने पाहिली होती. लेकीला शेवटच्या आठवड्यात तशीच घातली होती. म्हणून पहिल्याच मंगळवारी तिने काय केलं, तर किटलीत पाणी उकळून घेतलं, मोठ्या मगमध्ये ओतलं आणि रुसूबाईची बाटली त्यात उभी केली. मग बाकीच्या सातजणांना एकेक करून पाजलं. त्यात वीस-पंचवीस मिनिटं जायची. शेवटी रुसूबाईची बाटली काढायची, चटका बसेल इतकी तापलेली असायची, ती नळाखाली धरून निववायची, गालाला लावून बघायची आणि पाजायची. रुसूबाई डोळे मिटून घटाघटा संपवायची. 'पूर्ण प्यायली' या रकान्यात मावशी खूण करायची. दूध कोमट की थंड असा रकाना त्या कागदावर नव्हता. काचेपलीकडून डॉक्टरबाईंना मग दिसत होता, पण बाळांच्या खोलीत गरम पाण्याचा मग दिसला तर त्यात कोणाला काय खटकणार?

तिसऱ्या आठवड्यात पहिल्या पिल्लाच्या रक्तात विषाणू सापडला. चौथ्यात दोघांच्या. मावशी प्रत्येक वेळी घरी जाऊन न जेवता झोपायची. ती तिच्या थोरल्या बहिणीबरोबर राहायची. ताईने लग्न केलं नव्हतं, कपडे शिवून दोघींचं घर चालवलं होतं, आणि बोलायला ती मावशीच्या वरताण. आली का माकडांना भरवून, आता माणसांना भरव, असं ती दारातच म्हणायची. पण मावशीचा चेहरा उतरलेला दिसला की गप्प ताट झाकून ठेवायची.

सातव्या आठवड्यापर्यंत सात पिल्लांना लागण झाली. राहिली एकटी रुसूबाई. बाकीच्यांना आता मंगळवारी साधं दूध असायचं, पण पाजायचा क्रम तोच, रुसूबाईची बाटली शेवटी.

आठव्या शुक्रवारी निरोगी. नवव्या शुक्रवारी निरोगी. केंद्रात कुजबुज सुरू झाली. एरवी मागच्या इमारतीकडे न फिरकणारे संचालक काचेपलीकडे येऊन उभे राहिले आणि रुसूबाईने त्यांच्याकडे पाठ केली. डॉक्टरबाईंचा चेहरा दोन आठवड्यांत उजळला होता. त्यांनी मावशीला समजावून सांगितलं. चौघांपैकी एकीला जरी लशीने वाचवलं असेल, तरी तिच्या रक्तात असं काय आहे जे बाकीच्यांत नाही ते शोधता येईल, आणि त्यावरून माणसांच्या बाळांसाठी लस कशी करायची ते ठरेल. पुढच्या महिन्यात मोठी बैठक होती. तिथे हिचंच रक्त मांडायचं होतं. चिठ्ठीत हिच्या नावापुढे काय लिहिलंय तेवढंच आता बघायचं राहिलं, असं म्हणून डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. त्या दिवशी मावशी घरी गेली ती गुणगुणत. ताईने विचारलं, काय गं, लॉटरी लागली की काय. मावशी म्हणाली, लागेल असं दिसतंय.

आणि दहाव्या मंगळवारी बंबकाकांचं यंत्र बिघडलं.

मावशी रिकाम्या बाटल्यांची पेटी घेऊन खाली गेली, तर काका एका घमेल्यात गरम पाणी घेऊन बसलेले, त्यात तापमापक. ती त्यांच्यावर तुटून पडली. विषाणूच्या बाटल्या अशा घमेल्यात बुचकळता? घरची कपबशी आहे का ही? काकांनी शांतपणे सांगितलं की यंत्र दुरुस्त झाल्यावर सगळं पुन्हा वाफेत जाणारच आहे. हे आपलं तोवरचं. बाकीच्या जंतूंना एवढ्याने काही होत नाही, पण तुमच्या या मंगळवारवाल्याला पुरतं.

"नाजूक असतो तो, मावशी. बर्फात टिकतो. साठ अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, की खलास."

मावशीने पेटी खाली ठेवली. काका पुढे यंत्राच्या दुरुस्तीवाल्याला शिव्या घालत होते, त्यातलं तिला काही ऐकू आलं नाही. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर ती बसली आणि तिने हिशेब केला. किटलीचं पाणी साठाहून कितीतरी वर असतं. वीस-पंचवीस मिनिटं. दहा मंगळवार.

रुसूबाईला दहा आठवडे नुसतं दूध मिळालं होतं.

पुढचे तीन दिवस मावशीने मूग गिळून काढले. त्याबद्दल तिला नावं ठेवण्याआधी जरा तिच्या जागी उभं राहून बघा. गप्प राहिली तर रुसूबाई निरोगी राहत होती. कोणालाही कधीही कळलं नसतं; मगमध्ये पाणी होतं, एवढंच. डॉक्टरबाईंचा चेहरा उजळलेलाच राहिला असता. आणि सांगितलं, तर रुसूबाईला तेच दूध पुन्हा, या वेळी थंड. म्हणजे या पिल्लाला आपल्या तोंडाने मरणाच्या दारात नेऊन सोडायचं. एका लेकराला न कळत पाजलं, आता दुसऱ्याला कळून सवरून पाजायचं.

पण गप्प राहिली तर बैठकीत खोटं रक्त मांडलं जाणार होतं. त्यावरून लस होणार होती. ती कोणातरी बाईच्या बाळाला टोचली जाणार होती, आणि ती बाई निर्धास्त होऊन पाजत बसणार होती. जशी आपण बसलो होतो, ती परिचारिका हसत बाहेर आल्यावर. गुरुवारी भांडी घासता घासता मावशीला ती बाई डोळ्यांसमोर दिसली, आणि मग तिला पर्याय उरला नाही.

शुक्रवारी डॉक्टरबाई तपासणीचा कागद नाचवतच आल्या. दहावा आठवडा, निरोगी. मावशीने त्यांना बसायला सांगितलं. मग उभ्यानेच सगळं सांगितलं, किटली, मग, वीस-पंचवीस मिनिटं, नळाखाली निववणं. काही लपवलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही.

डॉक्टरबाईंनी हातातला कागद ओट्यावर उलटा ठेवला. ओरडल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं. शेवटी त्या उठल्या, साधं दूध भरलेली छोटी बाटली आणि एक बारीक तापमापक घेऊन आल्या.

"मला करून दाखवा," त्या म्हणाल्या. "अगदी रोज करता तसंच."

मावशीने किटली लावली. पाणी उकळलं, मगमध्ये ओतलं, बाटली उभी केली. डॉक्टरबाईंनी तापमापकाची तार दुधात सोडली आणि दोघी ओट्याशी उभ्या राहून आकडे बघत राहिल्या. तिसऱ्या मिनिटाला सत्तर झाले. मग आकडा हळूहळू उतरू लागला, पण दहाव्या मिनिटाला तो अजून साठाच्या वर होता. मागे पिंजऱ्यात रुसूबाई कशावरून तरी किरकिरत होती. डॉक्टरबाईंनी आकडा पुन्हा एकदा वाचला.

"यात नवल काहीच नाही," त्या स्वतःशी बोलावं तसं म्हणाल्या. "आयांना आपण हेच तर शिकवतो. दूध वाटीत काढायचं, बरणीत भरायचं, पाणी उकळून खाली उतरवायचं आणि त्यात बरणी वीस मिनिटं ठेवायची. विषाणू मरतो, दूध चांगलं राहतं. निववून वाटी-चमच्याने पाजायचं."

मावशीने त्यांच्याकडे बघितलं.

"वाटीत काढायचं?"

"हो. अंगावर न पाजता. आईचंच दूध, फक्त तापवून."

"हे कधीपासून माहीत आहे, मॅडम?"

"झाली की बरीच वर्षं. मी शिकत होते तेव्हा वाचलं होतं म्हणजे…" त्यांनी मनात मोजलं. "वीस-बावीस वर्षं तरी. पण सगळीकडे पोचलं नाही ते. लहान दवाखान्यांत तर कोणी सांगितलंच नसेल."

मावशीने ओट्याची कड धरली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की वाटी होती आपल्याकडे. विषाणू दुधात असतो, दूध अंगातून येतं, अंग काही उकळता येत नाही, वरचं दूध तर परवडलंच नसतं, इथपर्यंतच तिची समजूत होती आणि एकवीस वर्षं ती त्या समजुतीला टेकून उभी होती. माझा इलाज नव्हता, असं तिला रात्री स्वतःला सांगता यायचं. आता तेही गेलं. इलाज होता. तो किटलीत होता, पातेल्यात होता, आणि एका माकडाच्या पिल्लाला तिने तो दहा आठवडे न विचारता दिला होता.

ती रडू लागली. डॉक्टरबाईंना वाटलं नोकरीच्या भीतीने. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, नोकरीची काळजी करू नका, कागद आम्हीच अपुरा लिहिला होता, चूक आमची. तुम्ही गप्प बसला असता तर मी त्या बैठकीत उभी राहून सगळ्यांना खोटं सांगितलं असतं आणि मला ते कधी कळलंही नसतं. मावशी मान हलवत राहिली. वीस मिनिटं झाली तेव्हा आकडा पंचावन्नावर होता. डॉक्टरबाईंनी तो लिहून घेतला.

मंगळवारचं दूध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. डॉक्टरबाईंनी आधी स्वतः प्रयत्न केला, मग दुसऱ्या एका मदतनीस मुलीने. रुसूबाईने दोघींच्या हातातली बाटली थुंकून टाकली. राहिली नळी. तेव्हा मावशी म्हणाली, द्या इकडे.

तिने पिल्लाला झग्याशी घट्ट धरलं, मांडीवर आडवं घेतलं आणि थंड बाटली ओठाला लावली. रुसूबाईने मान फिरवली. मावशी थांबली. पुन्हा लावली. तिला गोंजारत, मानेखाली खाजवत, लेकीशी जसं बोलायची तसंच बोलत राहिली, पी गं बाय, पी, थोडंच आहे. पिल्लाने तिच्या चष्म्याकडे बघितलं. मग तिची करंगळी मुठीत धरली आणि प्यायला लागलं, थंड लागत होतं तरी प्यायलं, कारण मावशी देत होती. संपेपर्यंत मावशीने नजर हटवली नाही. 'पूर्ण प्यायली' पुढे खूण केली, मधल्या जागेत आली, झगा उतरवला आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. बाहेरचं दार उघडायला तिला बराच वेळ लागला.

असे तीन मंगळवार. तिसऱ्यानंतरच्या शुक्रवारी रक्तात विषाणू सापडला. आता आठही पिल्लांना लागण झाली होती, म्हणून संचालकांनी चिठ्ठी उघडली. रुसूबाईला खरी लस मिळालेली होती. म्हणजे लशीने कोणालाच वाचवलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी मावशीला बोलावून स्वतः सांगितलं. बैठकीत आता हेच मांडणार, म्हणाल्या. ही वाट बंद आहे हे कळणं म्हणजेसुद्धा काहीतरी कळणंच आहे, म्हणाल्या, आणि एका वाक्यात दोनदा अडखळल्या. मावशीने त्यांना पाणी दिलं.

त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. ताई मशीनवर बसून कोणाच्या तरी झग्याला अस्तर लावत होती. एवढ्या लवकर कशी, माकडांनी सुट्टी दिली का, असं ती म्हणाली आणि मग मावशीचं तोंड बघून तिने पाय थांबवले. मावशीने सांगितलं, शेवटचीही गेली. मेली नाही अजून, पण गेली.

ताई म्हणाली, "तू अशी झुरत राहिलीस तर कसं होणार गं? माकड होतं ते."

सांगू नये असं मावशीने ठरवलं होतं. तीन आठवडे तिने ते पोटात ठेवलं होतं, आणखी चाळीस वर्षं ठेवायची तिची तयारी होती. लेकीला मावशीने पाजलं असेल, पण जिने न्हाऊ-माखू घातलं, रांगायला, उभं राहायला शिकवलं, जी शेवटच्या आठवड्यात नळी धरून बसली, ती ताई. खरी मावशी ती होती. तिच्या डोक्यावर हे ओझं टाकायचं नाही, हे पक्कं होतं. पण ताई उठून जवळ आली, खाली बसली आणि तिचे हात हातात घेतले. मग मावशीच्या तोंडून सगळं निघून गेलं. दूध वाटीत काढायचं. पाणी उकळून खाली उतरवायचं. वीस मिनिटं.

संपल्यावर ताईने विचारलं,

"तेव्हा माहीत होतं हे?"

"होतं कोणाकोणाला."

"पाणी नुसतं उकळायचं? औषध वगैरे काही घालायचं नाही त्यात?"

"काही नाही."

ताई गुडघ्याला हात टेकून उठली. मशीनपाशी गेली, पुन्हा बसली. सुईखाली कापड सरळ केलं, पण पाय हलवला नाही.

"मी केलं असतं," ती म्हणाली. "दर दोन तासांनी उठून केलं असतं गं मी. मला दुसरं काय काम होतं?"

"माहीत आहे, ताई."

"तू नुसतं दूध काढून दिलं असतंस, बाकी सगळं मी बघितलं असतं. तुला उठवलंसुद्धा नसतं."

एकवीस वर्षांत ताई त्या पोरीसाठी कोणासमोर रडली नव्हती. लहान बहिणीला सावरायचं म्हणून मागे राहिली होती. आता तिने ते अर्धवट शिवलेलं कापड उचलून तोंडावर धरलं आणि ती मोठ्याने रडायला लागली.